कार्डावर अस्वलच का?

नव्वदच्या दशकात ज्यांनी मित्रमैत्रिणींसाठी ग्रीटिंग कार्डं विकत घेतली असतील, त्यांना दुकानातला तो गरागरा फिरणारा स्टँड आठवत असेल. दिल्लीत 1979 मध्ये सुरू झालेल्या ‘आर्चीज’ची दुकानं तोवर आपल्याकडच्या शहरांत पसरली होती आणि कॉलेजातली मुलं खिशातले पैसे मोजून तिथे तासन् तास घालवत. स्टँडवर काय असे? हृदय धरून बसलेलं टेडी अस्वल, टोपलीतली मांजराची पिल्लं, गुलाब, फुगे, समुद्रावरचा सूर्यास्त. दिवाळीची कार्डं वेगळी. त्यांवर पणती, रांगोळी, नाहीतर गणपती. पाठवणारा माणूस, घेणारा माणूस, नातं माणसांचं. पण चित्रात माणूस सहसा नसे. असलाच तर पाठमोरा, किंवा सूर्यासमोर उभा असलेला काळा आकार.

हा चित्रकारांचा आळस नव्हता. पणती लावणारी एक बाई काढून पाहा, म्हणजे अडचण लक्षात येईल. ती गोरी की सावळी? नऊवारीत, पाचवारीत की पंजाबी ड्रेसमध्ये? कपाळावर कुंकू आहे? गळ्यात मंगळसूत्र? वय किती, घर चाळीतलं की बंगल्याचं? पेन्सिल टेकवली की यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं, आणि प्रत्येक उत्तरागणिक काही गिऱ्हाइकं ‘हे आमच्यासारखं नाही’ म्हणून पुढे सरकतात. अस्वलाला जात नाही, वय नाही, सासर-माहेर नाही. ते कुणीही कुणालाही पाठवावं.

ग्रीटिंग कार्डांत निरनिराळ्या लोकांना जागा मिळावी, अशी चर्चा जगभर गेली काही दशकं चालू आहे. ती बहुतेक वेळा चांगुलपणाच्या भाषेत होते. पण ही जागा इतकी वर्षं का मिळाली नाही, याची बरीचशी उत्तरं छापखान्यात, दुकानाच्या फळीवर आणि कागदावर बसणाऱ्या शाईत सापडतात.

खानावळीचं गणित

ऑफसेट छपाईत रंगीत चित्राचे चार भाग करतात: निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा. प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट बनते, चारही ठसे एकावर एक अचूक बसेपर्यंत यंत्र जुळवावं लागतं आणि त्या जुळवाजुळवीत कागद वाया जातो. हा खर्च एक कार्ड छापा की एक लाख, तेवढाच. समजा, तो 8,000 रुपये आहे. 10,000 कार्डं छापली तर कार्डामागे 80 पैसे पडले. 200 छापली तर 40 रुपये पडले, आणि अजून कागद, लिफाफा, वाहतूक, दुकानदाराचं कमिशन बाकीच आहे.

पुढची अडचण स्टँडची. त्याचे खण ठरलेले. प्रत्येक खणाने दुकानाच्या भाड्यातला आपला वाटा कमवायचा असतो, आणि महिनाभर न हललेलं कार्ड दुकानदार काढून टाकतो. अशा वेळी कंपनी खानावळवाल्यासारखं वागते. खानावळीत आठवड्यातून चार दिवस बटाट्याची भाजी असते. ती सगळ्यांना फार आवडते म्हणून नव्हे. तिला कुणी नाही म्हणत नाही म्हणून. कारल्याचे चाहते कट्टर असतात, पण ते पन्नासात पाचच. टेडी अस्वल हा कार्डधंद्यातला बटाटा.

पहिल्याच कार्डावरून वाद

माणसं काढली की काय होतं, याचा अनुभव या धंद्याला अगदी सुरुवातीलाच आला. 1843 मध्ये लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचं कार्ड काढून घेतलं. व्यापारी पद्धतीने विकलेलं नाताळचं पहिलं कार्ड म्हणून तेच ओळखलं जातं. ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय 1840 मध्ये सुरू झाली होती, आणि ती घडवून आणण्यात कोल यांचाही हात होता. साधारण 1,000 कार्डं छापून हाताने रंगवली; किंमत एक शिलिंग. मजुराच्या आवाक्याबाहेरचीच.

चित्राच्या मधोमध एक खातंपितं कुटुंब प्याले उंचावून बसलेलं आहे. त्यात एक लहान मूलही वाइन पिताना दिसतं, आणि दारूबंदीच्या चळवळीतले लोक नेमके त्यावर तुटून पडले. मला मात्र त्या चित्राच्या दोन्ही कडा जास्त बोलक्या वाटतात. एका बाजूला भुकेल्यांना अन्न देणं चाललंय, दुसऱ्या बाजूला उघड्यांना कपडे. म्हणजे गरीब लोक पहिल्याच कार्डावर हजर होते, पण दान घेण्यापुरते. पाठवणारे ते नव्हते आणि ज्यांना पाठवायचं तेही नव्हते. चित्रात असणं आणि कार्ड आपलं असणं या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे या विषयात पुन:पुन्हा दिसतं.

सोळा कार्डांचा प्रयोग

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत 1910 मध्ये सुरू झालेली ‘हॉलमार्क’ ही या धंद्यातली अजस्र कंपनी. तिने 1987 मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी ‘महोगनी’ नावाने कार्डं काढली. संख्या फक्त 16, तीही मर्यादित काळासाठी. ती खपली. 1991 पासून ‘महोगनी’ची कार्डं दुकानांत वर्षभर मिळू लागली.

प्रयोग छोटा ठेवला यात धंद्याची हुशारी होती, कारण वर सांगितलेलं प्लेटचं गणित अजून तसंच होतं. मात्र अशा कामात एक पळवाट नेहमी खुणावते: जुनंच चित्र घ्यायचं, चेहऱ्यावर तपकिरी रंग भरायचा आणि नवं कार्ड म्हणून विकायचं. गिऱ्हाईक ते लगेच ओळखतं. केसांची ठेवण, नाकओठांची घडण, घरातल्या म्हाताऱ्या बाईची बसण्याची जागा, आईबद्दल बोलण्याची रीत हे सगळं मूळ चित्रातलंच राहतं आणि रंग तेवढा उसना दिसतो. आपल्याकडे राखीच्या पाकिटांवरचे भाऊ-बहीण पाहिले तर उलटा प्रकार दिसतो. कपडे आपले, सण आपला, आणि चेहरे असे गोरेपान की गावात शोधून सापडू नयेत.

तपकिरी रंग अवघड का?

इथे शाईचा प्रश्न येतो, आणि तो खरोखर मजेदार आहे. छापील चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. गोरा चेहरा छापताना ठिपके विरळ असतात, आणि त्यांच्यामधून दिसणारा कागदाचा पांढरेपणाच गालावरच्या उजेडाचं काम करतो. सावळ्या किंवा काळ्या चेहऱ्यासाठी ठिपके दाट लागतात. शाई कागदावर पडली की थोडी पसरते, ठिपका फुगतो. विरळ जाळीत हे खपून जातं. दाट जाळीत मात्र शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि नाकाची सावली, गालाची उंची, डोळ्याखालची वळी सगळं एका गडद डागात बुडतं. स्वस्त, खरखरीत कागदावर तर हमखास.

त्यातून एखाद्याने घाईत, रंग गडद करायचा म्हणून काळी शाई वाढवली, की त्वचा राखट, निर्जीव दिसते. जिवंत सावळा रंग मुख्यतः पिवळ्या आणि किरमिजी शाईतून येतो. निळसर शाई बेताने आणि काळी फक्त सावल्यांत वापरावी लागते. हे जाणकाराच्या हाताचं काम आहे. पण हात सरावतो तो ज्या चेहऱ्यांवर रोज काम पडतं त्या चेहऱ्यांवर.

फोटोंच्या बाबतीत तर हा सराव कंपनीनेच ठरवून दिला होता. कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांना एक नमुन्याचा फोटो पाठवत असे. त्यात एक गोरी बाई असे. पहिल्या बाईच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची त्वचा बरोबर आली की रंग जुळले, असं समजायचं. या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्या कॅनडातल्या लॉर्ना रॉथ यांनी एक गमतीचा तपशील नोंदवला आहे. तपकिरी छटा नीट येत नाहीत अशी जोरदार तक्रार केली ती चॉकलेट बनवणाऱ्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी, आणि फिल्म सुधारायला तीही कारणीभूत ठरली. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका एकत्र असलेलं नमुन्याचं कार्ड कोडॅकने काढलं ते थेट 1990 च्या दशकात.

चेहरा टाळण्याच्या युक्त्या

2008 मध्ये हॉलमार्कने समलिंगी जोडप्यांच्या लग्नासाठी कार्डं आणली. तेव्हा अमेरिकेत अशा लग्नाला मान्यता देणारी राज्यं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. कार्डांवर काय होतं? शेजारी शेजारी दोन पुरुषी कोट, एकमेकांवर आलेली दोन हृदयं, गुंफलेली फुलं. आतल्या मजकुरात ‘लग्न’ हा शब्द नव्हता. जिथे कायदा नव्हता तिथल्या जोडप्यांनाही ते कार्ड चालावं, हा हेतू. एका दगडात बरेच पक्षी: चेहराच नसल्याने वर्ण, वय, देखणेपणा हे प्रश्न आपोआप बाद झाले.

मोबाइलवरच्या चित्रचिन्हांना, म्हणजे इमोजींना, याच वाटेने जावं लागलं. त्यांचा मूळ रंग पिवळा ठेवला, कारण तो कुणाच्याच त्वचेचा नाही. 2015 मध्ये त्यांना त्वचेच्या पाच छटा मिळाल्या. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ वापरतात ती फिट्झपॅट्रिक यांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी घेतली आणि पहिल्या दोन उजळ पायऱ्या एक केल्या. हाताचा अंगठा, नमस्कार, टाळी इथपर्यंत ठीक चाललं. कुटुंबाच्या चित्रापाशी गाडी अडली. चार माणसांचं एकच कुटुंब घ्या. प्रत्येकाला पाच छटा दिल्या तर 5 × 5 × 5 × 5, म्हणजे 625 चित्रं. मग एकटी आई, दोन वडील, मुलगे किती नि मुली किती हे धरलं की आकडा हजारोंत जातो. ही सगळी चित्रं काढून कीबोर्डात कोंबणार कशी? 2023 मध्ये ही चिन्हं ठरवणाऱ्या ‘युनिकोड’ संस्थेने कुटुंबासाठी नुसत्या बिनचेहऱ्याच्या आकृत्या आणल्या, आणि 2024 मध्ये अ‍ॅपलने आपली जुनी रंगीत कुटुंबं काढून तशाच आकृत्या बसवल्या. सगळ्यांना सामावून घेण्याचा हिशेब पुरा केला की शेवटी कधी कधी कुणाचंच चित्र उरत नाही, ते असं.

बोटांनी वाचायचं कार्ड

आतापर्यंत चित्राबद्दल बोललो. पण कार्ड हातात पडलं आणि वाचताच आलं नाही तर?

लुई ब्रेल यांनी 1824 च्या सुमाराला, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. एका घरात तीन-तीन ठिपक्यांचे दोन उभे स्तंभ. कोणते ठिपके उठलेले आणि कोणते सपाट, यावरून अक्षर ओळखायचं. सहा ठिपक्यांच्या 63 जोडण्या होतात. आपल्या भाषांसाठी 1951 मध्ये ‘भारती ब्रेल’ ठरली आणि मराठीही तिच्यातच लिहितात. तिची रीत डोळस माणसाला आधी जरा चक्रावून टाकते. ‘शुभ’ लिहायला तीन घरं लागतात: श, उ, भ. मात्रा वर-खाली लटकत नाही. स्वर आपल्या घरात स्वतंत्र बसतो. ‘दिवा’ लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो आणि द नंतर. ब्रेलमध्ये द, इ, व, आ, अगदी उच्चाराच्या क्रमाने. ब्रेल मराठी या बाबतीत जास्त सरळ आहे, असं मला वाटतं.

आता पट्टी घ्या. एका घरापासून पुढचं घर साधारण 6 मिलिमीटरवर. ‘शुभ दीपावली’ची घरं दहा, मधली मोकळी जागा धरून अकरा, म्हणजे सुमारे साडेसहा सेंटिमीटर. नेहमीच्या कार्डावर आरामात मावतं. आतली चार ओळींची कविता मात्र मावणार नाही, आणि अक्षर बारीक करण्याची सोय नाही, कारण घराचं माप बोटाच्या पेरावरून ठरलंय. ब्रेल कार्डाचा मजकूर म्हणूनच आधीपासून आटोपशीर लिहावा लागतो.

ठिपका उठतो तो कागदाला मागून दाबून. त्याची उंची जेमतेम अर्धा मिलिमीटर. मागच्या बाजूला खळगे पडतात, त्यामुळे त्या बाजूचं चित्र बिघडणार हे धरून मांडणी करावी लागते. कागद जाड हवा; पातळ कागदावरचे ठिपके दोन-चार वेळा बोट फिरवलं की बसतात. आणि टपाल आहेच! गठ्ठ्याचा दाब आणि वर शिक्क्याचा ठोसा. मजकूर आतल्या घडीवर असेल आणि लिफाफा दणकट असेल तर निभाव लागतो. काही कार्डांवर ब्रेलचे ठिपके नुसते शाईने छापलेले असतात, नक्षी म्हणून. डोळसांना ते छान दिसतात. ज्याच्यासाठी ही लिपी आहे त्याच्या बोटाला गुळगुळीत कागद लागतो.

घरी करायचं तर ब्रेलची पाटी आणि टोचा पुरतो. कागद उलटा धरून उजवीकडून डावीकडे टोचत जायचं; पालटला की मजकूर सुलटा. पहिल्या प्रयत्नात चुका होतात, पण एक ओळ कुणालाही जमते.

चौकट: छापायला देण्याआधी

• कार्डाचा फोटो मोबाइलवर काढून तो कृष्णधवल करा. अक्षरं पार्श्वभूमीत बुडाली तर रंग बदला. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणं पुरुषांत बरंच जास्त आढळतं (युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण 12 पैकी 1), कारण त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि पुरुषांकडे ते गुणसूत्र एकच. हिरव्यावर लाल मजकूर त्यांना जवळपास एकरंगी दिसतो.

• साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांश उजेडच पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं. मरून कागदावरची बारीक सोनेरी अक्षरं आजी-आजोबांना वाचता येत नाहीत ती यामुळे. कागद चकचकीत असेल तर दिव्याची तिरीप वेगळीच.

• ब्रेल असेल तर ब्रेल वाचणाऱ्याच्या हातात नमुना द्या.

मजकूर कुणासाठी?

चित्र सगळ्यांना चालणारं असलं तरी आतलं वाक्य कुणाला तरी बाहेर ठेवतं. ‘लवकर बरे व्हा’ हे पडसं झालेल्याला ठीक. जो बरा होणार नाही हे त्याला आणि तुम्हाला दोघांनाही ठाऊक आहे, त्याला काय पाठवायचं? अमेरिकेतल्या एमिली मॅकडॉवेल यांना वयाच्या 24 व्या वर्षी कर्करोग झाला. काय बोलावं ते न सुचल्यामुळे जवळची माणसं दूर झाली, त्या एकटेपणाचा त्रास आजारापेक्षा जास्त झाला, असं त्या सांगतात. 2015 मध्ये त्यांनी गंभीर आजारी माणसांसाठी कार्डं काढली आणि ती भराभर खपली. तोवर डिजिटल छपाई आली होती. तिला प्लेट लागत नाही. पहिलं कार्ड आणि शंभरावं कार्ड यांचा खर्च जवळपास सारखाच, आणि इंटरनेटवरच्या दुकानाला खण मोजून द्यावे लागत नाहीत. कारल्याची भाजी पाचजणांपुरतीही परवडू लागली.

पत्रिकेतली जागा

आपल्याकडे ग्रीटिंग कार्डाचा जमाना ओसरला, शुभेच्छा व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या. छापील कार्ड म्हणून घरोघर टिकून आहे ती लग्नपत्रिका. आणि तिच्यापाशी वरचं सगळं आर्थिक गणित कोलमडतं. पत्रिकेची कोरी कार्डं गणपती नि तोरणासह तयार मिळतात. मजकूर मात्र प्रत्येक घरासाठी नव्याने जुळवून दोन-तीनशे प्रती छापतात. म्हणजे इथे सोळा नाही, प्रत्येक घरासाठी एक वेगळं कार्ड अगदी पूर्वीपासून छापलं जातंय. तरी पत्रिका एकसारख्या का? कारण दुकानात गेलं की छपाईवाला नमुन्यांचा अल्बम पुढे सरकवतो आणि म्हणतो, ‘यातलं मॅटर निवडा, नावं फक्त बदलून द्या.’

त्या मॅटरमध्ये माणसांच्या जागा ठरलेल्या असतात. निमंत्रक म्हणून वडील किंवा आजोबा. वडील हयात नसतील तर काका, मामा, थोरला भाऊ. मुलीला एकटीने वाढवलेली, तिच्या शिक्षणासाठी नोकरी केलेली आई कुठेतरी खालच्या ओळीत जाते, कधी अजिबातच नसते. घटस्फोटित आईचं नाव कुठे टाकायचं, याचा नमुना अल्बममध्ये नसतो. मग घरची मंडळी ‘राहू दे’ म्हणतात. मुलांची नावं मात्र ‘किलबिल’ म्हणून हौसेने छापली जातात. दीड वर्षांचा भाचा पत्रिकेत असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याची राज्यभर चर्चा झाली. पत्रिकेच्या अल्बमपर्यंत ती चर्चा फारशी पोचलेली दिसत नाही.

यंत्राची सबब इथे चालत नाही. ‘निमंत्रक’च्या खाली आईचं नाव पहिल्या ओळीत घ्यायचं तर संगणकावर बसलेल्या मुलाला दोन मिनिटं लागतात, आणि त्याचे तो वेगळे पैसेही घेत नाही. तो प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. ‘ओके’ आलं की छपाईला टाकतो. मधल्या वेळात घरच्या ग्रुपवर काकांचा लांबलचक मेसेज येतो का, एवढीच काय ती अडचण. त्यावर छापखान्यात उपाय नाही.